इतिहासाचा विषय निवडताना



इतिहासाचा प्रकल्प लिहावयाचा म्हणून विद्यार्थी आमच्या युनियनच्या कचेरीत येतात आणि सांगतात, "गिरणी कामगारांचा इतिहास हा विषय घेतला आहे." आम्ही म्हणतो, बाबांनो, हा विषय नव्हे, हा समुद्र आहे. विषय म्हणजे एक प्रश्न.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून आठवड्याची सुटी मागितली. ती पदरात पडली १८९० साली. मधली सहा वर्षे मालकांचे म्हणणे तरी काय होते? हा झाला विषय. मग पुराव्याची चौकशी करावी. त्या काळची वर्तमानपत्रे, सरकारी दप्तर कोठे पाहावयास मिळेल? आणि मालकांचे कागदही वाचावेत. एकाच बाजूचे ऐकून पंच निवाडा देत नसतात.

दुसरा प्रश्न पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पगार थांबल्यावर घरच्या बायकांनी चूल कशी पेटती ठेवली? हे कोणत्या दप्तरात सापडणार? त्या बायकांनाच विचारले पाहिजे, आणि त्या आता साठी-सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. किराण्याच्या उधारीच्या त्यांच्या वह्या रद्दीत चालल्या आहेत.

म्हणून पालक-शिक्षकहो, मुलांचे मन दोन विषयांत अडकले, तर ज्याचा पुरावा आधी नाहीसा होणार, तो विषय घ्यावयास सांगा. सरकारी दप्तर पुढच्या वर्षीही उघडता येईल. आजीकडे मात्र त्यांना या सुटीतच पाठवा.