खिशातली पावती

 

दर वेळी मी कर्ज, परतफेड, शेळीपालन, पापड-मसाले असं काहीतरी घेऊन येते. आजचा विषय वेगळा आहे. आज रेल्वे कामगारांच्या युनियनवर बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, "ताई, युनियन म्हणजे गड्यांचं काम. आमचा काय संबंध?" मीही बरीच वर्षं असंच समजत होते. माझं ते समजणं कसं चुकलं, तेच सांगायला आले आहे.

माझं माहेर लातूरचं, सासर मुदखेडजवळच्या एका गावातलं. दोन्हीकडे घरात बसून गाडीची शिट्टी ऐकू येते. माझे वडील गँगमन होते. आता त्या कामाला ट्रॅक मेंटेनर म्हणतात, पण आमच्या घरात शब्द गँगमनच. लातूरची लाईन तेव्हा छोटी होती, बार्शी लाईट रेल्वेची. १९११ साली ती लातूरपर्यंत आली आणि २००७-०८ मध्ये मोठी झाली. बाबांनी छोटी लाईन उखडताना पाहिली आणि मोठ्या लाईनवर खडी भरून मगच रिटायर झाले. उन्हाळ्यात डोक्याला ओला पंचा बांधून निघायचे. रूळ इतका तापतो की हात लावता येत नाही, पण तपासावा तर लागतोच.

पगार झाला की आई त्यांचा सदरा धुवायला घ्यायची आणि खिशातून एक छापील पावती निघायची. युनियनच्या वर्गणीची. आईला वाचता येत नव्हतं. पण कागद जपून ठेवायचा असतो, एवढं तिला ठाऊक. लाईटबिलं खोचायच्या तारेत ती पावतीही खोचायची. हे पैसे कशाला जातात, घेतं कोण, त्याचं होतं काय, हे तिनं कधी विचारलं नाही आणि बाबांनी कधी सांगितलं नाही. मी बी.ए. झाले, तरी मीही विचारलं नाही.

आता चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. आमच्या एका गटातल्या बाईचे मालक रेल्वेत ट्रॅकवर कामाला होते. आजारी पडले आणि महिन्याभरात गेले. पंचेचाळिशीही गाठली नव्हती. मागे दोन लेकरं, मोठी मुलगी दहावीला. त्या ताईंचं नाव मी घेत नाही. त्यांना विचारूनच हे सांगते आहे.

तेरावं झाल्यावर आम्ही कागद काढून बसलो. तेव्हा कळलं की नोकरीच्या नोंदीत बायकोचं नाव आहे ते लग्नात ठेवलेलं. आपल्याकडे ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात ना, तेच. आणि आधारकार्ड, बँकेचं पासबुक मात्र शाळेतल्या नावाचं. कागदावर दोन बाया, समोर उभी एकच. दुसरी अडचण त्याहून मोठी. भविष्य निर्वाह निधीला वारस म्हणून त्या भाऊंनी नोकरीला लागताना, लग्नाच्या आधी, आईचं नाव लिहिलं होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. नोंद बदलायची राहिली ती राहिलीच.

यात माझीही चूक आहे, ती लपवणार नाही. त्या ताईंचा गटाचा अर्ज मीच भरला होता. रजिस्टरला सासरचं नाव, बँकेच्या कागदावर माहेरचं, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. "चालतंय" म्हणून मी पुढे गेले. तेव्हाच म्हणाले असते की बाई, घरातले सगळे कागद एकदा जुळवून बघू, तर मालक असताना त्यांच्या एका अर्जावर काम झालं असतं.

पुढे चौदा महिने गेले. ताईंवर गटाचं तीस हजाराचं कर्ज होतं. हप्ते थकले. बैठकीत दोन जणींनी विचारलं, "आपले पैसे बुडणार का?" त्यांचं काही चुकलं नाही, त्यांचीही लेकरंबाळं आहेत. शेवटी गटानं ठराव केला, मुद्दल थांबवू, व्याज तेवढं घेऊ. असं ते वर्ष काढलं.

त्याच काळात युनियनच्या शाखेतले एक भाऊ घरी आले. मयत मालकांच्याच गँगमधले. मला वाटलं, आता हे सगळे कागद मागून नेणार. तर म्हणाले, "वहिनी, मूळ कागद तुमच्याजवळच ठेवा, मला झेरॉक्स द्या." मग त्यांनी यादी लिहून दिली. लग्नाच्या नोंदणीचा दाखला, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल आणि निधीच्या रकमेसाठी वारस प्रमाणपत्र. रेल्वेत कल्याण निरीक्षक असतात आणि कामगार वारला तर घरच्यांना कागदपत्रांत मदत करणं हे त्यांचं कामच आहे, हे त्यांनीच सांगितलं. पेन्शनच्या अडलेल्या प्रकरणांसाठी पेन्शन अदालत भरते, हेही त्यांच्याकडूनच कळलं. आमच्यापैकी एकीलाही यातलं काही माहीत नव्हतं.

पेन्शन सुरू झाली, रक्कम मिळाली, गटाचं कर्ज फिटलं. पण त्या मुलीनं त्या वर्षी अकरावीला नाव घातलं नाही. आईबरोबर कापूस वेचायला गेली. आता ती शिकते आहे, पण ते वर्ष गेलं ते गेलंच.

त्यानंतर मी युनियन म्हणजे काय ते समजून घेतलं. तुम्हाला आपल्या गटाच्या भाषेत सांगते. एकटी बाई बँकेत गेली तर साहेब मान वर करत नाही. तीच बाई गटाची सचिव म्हणून, बारा जणींचा ठराव घेऊन गेली की साहेब म्हणतो, बसा ताई. युनियनही तशीच. एका गँगमनला बूट मिळाले नाहीत, रजा मिळाली नाही, क्वार्टर गळतं, तर त्याचा एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहू शकतो. शाखेतून तोच विषय गेला की त्याला उत्तर द्यावं लागतं.

साहेबांसमोर बसायचा मान कोणत्या युनियनला, हे कामगार गुप्त मतदानानं ठरवतात. असं मतदान २००७ मध्ये झालं, मग २०१३ मध्ये, आणि त्यानंतर थेट अकरा वर्षांनी ४, ५ आणि ६ डिसेंबर २०२४ ला. देशभरात बारा लाखांच्या आसपास कामगारांना मताचा हक्क होता. पडलेल्या मतांपैकी ३५ टक्के किंवा एकूण मतदारांपैकी ३० टक्के मतं मिळाली तर युनियनला मान्यता मिळते. मान्यता मिळालेल्या युनियनबरोबर अधिकाऱ्यांना ठरावीक काळानं बैठक घ्यावी लागते, विषय लिहून घ्यावे लागतात, उत्तरं द्यावी लागतात. ही पद्धत १९५२ पासून आहे. आपल्या मासिक बैठकीसारखीच. जे इतिवृत्तात आलं, ते पुढच्या वेळी विचारता येतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथं आपली गल्लत होते. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत आहे. तो १ एप्रिल २००३ ला सुरू झाला. लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येतं. आणि लातूर जिल्ह्यातलंच उदगीर, लातूर रोड सिकंदराबाद विभागात. म्हणजे एका जिल्ह्यातल्या दोन जावांच्या मालकांची कचेरी वेगळी, युनियनही वेगळी. दक्षिण मध्य रेल्वेत मजदूर युनियन आणि एम्प्लॉईज संघ या जुन्या संघटना. मध्य रेल्वेत नॅशनल रेल्वे मजदूर युनियन आणि सेंट्रल रेल्वे मजदूर संघ. मी कुणाची बाजू घेत नाही. आपले मालक कोणत्या संघटनेत आहेत, आणि नसतील तर का नाहीत, एवढं आपल्याला माहीत असावं.

दसऱ्याला रेल्वेवाल्यांच्या घरी बोनस येतो. अलीकडच्या वर्षांत ७८ दिवसांचा, जास्तीत जास्त १७,९५१ रुपये. त्यातून कुणी लेकराची फी भरते, कुणी गटाचा हप्ता. तो बोनस आपोआप आलेला नाही. ८ मे १९७४ ला देशातले लाखो रेल्वे कामगार संपावर गेले. बोनस ही त्यांची एक मोठी मागणी होती. वीस दिवस संप चालला. हजारो लोक तुरुंगात गेले, कित्येकांची नोकरी गेली, ठिकठिकाणी बायकालेकरांना क्वार्टर सोडा म्हणून सांगितलं गेलं. संप मोडला. बोनस मान्य झाला तो १९७९ मध्ये. पगार बंद असताना चूल कुणी चालवली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि बाईला युनियनमधलं कळत नाही असं कुणी म्हणालं तर मुंबईच्या मणिबेन कारा यांचं नाव सांगा. पश्चिम रेल्वेच्या कामगार संघटनेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९७० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता कागद-पेन घ्या. ज्यांच्या घरात रेल्वेची नोकरी आहे, त्यांनी चार गोष्टी याच आठवड्यात विचारायच्या.

पहिली. नोकरीच्या नोंदीत माझं नाव काय आहे, आणि ते आधारकार्डाशी अक्षर न् अक्षर जुळतं का? लेकरांची नावं, जन्मतारखाही बघा.

दुसरी. वारस कोण लावला आहे? भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि गटविमा, तिन्हींची नोंद वेगवेगळी बघायची. कुटुंब पेन्शनवर पहिला हक्क पत्नीचा असतो, पण बाकीच्या रकमा वारसाच्या नोंदीवर अडतात.

तिसरी. पेन्शन कोणती? १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना नवी पेन्शन योजना आहे. १ एप्रिल २०२५ पासून त्यात युनिफाइड पेन्शन हा पर्याय आला. आपल्या घरी काय निवडलं आहे, ते विचारा.

चौथी. दवाखान्याचं उम्मीद कार्ड सगळ्यांचं निघालं आहे का? आमच्या एका मावशींना वाटलं, उम्मीद म्हणजे आपलं बचत गटाचं उमेद अभियान. त्या गटाचं रजिस्टर घेऊनच दवाखान्यात गेल्या होत्या. हसू नका, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही गोंधळले होते.

मालक म्हणतील, "तुला काय करायचंय? मला मारायला बसलीस का?" हे बहुतेक घरांत ऐकावं लागणार. त्या वेळी भांडू नका. पगाराच्या दिवशी, जेवण झाल्यावर, लेकरांसमोर विचारा. त्यांनाही कळतं, फक्त तो विषय नको वाटतो.

आता दुसऱ्या बहिणींबद्दल. आपल्या गटांतल्या काही जणी गाडीचे डबे, फलाट साफ करायला जातात, पण ठेकेदाराकडून. युनियनच्या त्या मतदानात त्यांना मत नसतं. गणवेश असतो, झाडू असतो, पण रेल्वेच्या यादीत नाव नसतं. त्यांचा शब्द कोण नेणार? तर संघटना करायचा हक्क त्यांनाही आहे, घटनेच्या १९व्या कलमानं दिलेला. आणि ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ज्याच्यासाठी काम केलं त्या मूळ मालकानं ती द्यायची, हे १९७० च्या ठेका कामगार कायद्यात होतं आणि नव्या कामगार संहितेतही आहे. म्हणून हजेरी स्वतःच्या वहीत रोज लिहा. पगार रोख घेऊ नका, खात्यात मागा. पीएफचा नंबर आणि ईएसआयचं कार्ड मागा. एकटीनं मागितलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, त्यामुळे पाच-सहा जणींनी मिळून मागा. हे आपल्याला गटानं शिकवलंच आहे.

आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. आमच्या ग्रामसंघात आता बैठक संपताना आम्ही एक प्रश्न विचारतो. या महिन्यात कुणाच्या घरात नोकरीची, युनियनची, पीएफची काही बातमी आली का? पहिल्या बैठकीत कुणी बोललं नाही. दुसऱ्या बैठकीत एकीनं बदलीची चिठ्ठी आणली, तिसऱ्या वेळी दोघींनी पगाराची स्लिप. ती वाचून दाखवायला आता दुसरीच एक ताई पुढे येते. त्याच, ज्यांची गोष्ट मी मघाशी सांगितली. कोणता कागद लागतो आणि कोणता लागत नाही, हे आमच्यात सगळ्यांत जास्त त्यांनाच कळतं.

माझ्या आईची ती तार अजून माहेरी भिंतीवर आहे. मागच्या दिवाळीला मी त्यातल्या पावत्या काढून आईला वाचून दाखवल्या. सभासदाचं नाव, शाखा, रक्कम. आई ऐकून म्हणाली, "एवढंच होतं होय? मग विचारायला काय झालं होतं मला."

तुमच्या घरी आज सदरा धुवायला निघाला, तर खिसा नीट बघा. कागद निघाला तर तारेत खोचण्याआधी वाचा. वाचता येत नसेल तर गटात घेऊन या.