कानांनी वाचला जाणारा संगणक
(गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्ते व पालक यांच्यापुढील व्याख्यानाचे शब्दांकन)



दृष्टिहीन मुलगा बारावी झाला की त्याच्या भवितव्याची चर्चा घरात फार लवकर संपते. हार्मोनियम, टेलिफोन ऑपरेटरची जागा, नाहीतर खुर्च्या विणण्याचे काम. गोंदिया, तिरोडा, देवरी, कुठेही गेले तरी यादी हीच. या व्यवसायांत कमीपणा काहीच नाही. पण संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम या यादीत का नसावे? प्रोग्रॅम म्हणजे अखेर अक्षरांचा मजकूर, आणि मजकूर कानांनीही वाचता येतो.

विदर्भाला हे नव्याने सांगावे लागू नये. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) तान्हेपणीच दृष्टी गमावूनही शंभरावर ग्रंथांचे कर्ते झाले. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी वेदांचा एकेक स्वर जपणाऱ्या समाजाने कानावर अविश्वास दाखवावा, हे थोडे विचित्रच.

संगणकावर हे काम ‘स्क्रीन रीडर’ करतो. पडद्यावरील प्रत्येक बटणाचे नाव काय, ते कोणत्या प्रकारचे आहे, दाबलेले आहे की नाही, हे तो प्रणालीला विचारतो आणि बोलून दाखवतो. मात्र ते नाव बटण बनवणाऱ्याने आधी लिहून ठेवलेले असावे लागते. त्याने केवळ चित्र चिकटवले असेल, तर स्क्रीन रीडर नुसते “बटण, बटण, बटण” म्हणत राहतो. अडचण येथे आहे. ती डोळ्यांत नाही, अवजारात आहे.

हे ज्यांनी सर्वप्रथम मुळातून ओळखले त्यांपैकी एक महाराष्ट्रातच घडले. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५चा, पुण्याचा. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात गणित शिकून ते मुंबईच्या आयआयटीत गेले. आलेखांच्या वक्ररेषा ध्वनीतून ‘पाहता’ याव्यात असा प्रोग्रॅम त्यांनी तेथे प्रकल्प म्हणून रचला. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. गणिती मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवरील त्यांचा प्रबंध पुरस्कारप्राप्त ठरला.

१९९५ साली त्यांनी ‘ईमॅक्सस्पीक’ प्रसिद्ध केले. त्यामागील विचार मोलाचा आहे. सामान्य वाचक पडद्यावर जे दिसते ते ओळीने म्हणून दाखवतो. दिनदर्शिका उघडली तर तो आकड्यांची माळ ओढतो, आणि पंधरा तारखेला कोणता वार आहे ते ऐकणाऱ्याने मोजत बसायचे. रामन यांच्या रचनेत त्या तारखेवर जाताच वार, महिना, वर्ष यांसह पूर्ण दिनांक ऐकू येतो. प्रोग्रॅममधील टिपणे एका आवाजात, आज्ञा दुसऱ्या आवाजात. डोळस माणसाला रंग जे सांगतात, ते येथे स्वर सांगतो. पुढे २००५ साली रामन गूगलमध्ये गेले. अँड्रॉइड फोनवरील ‘टॉकबॅक’च्या उभारणीतही त्यांचा वाटा आहे.

आता पैशाचा प्रश्न. ‘जॉज’ हा प्रसिद्ध वाचक महाग, सामान्य कुटुंबाला न परवडणारा. परंतु २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने ‘एनव्हीडीए’ लिहिण्यास आरंभ केला. तो विनामूल्य आहे, आणि मुख्यतः पायथॉन भाषेत लिहिलेला आहे. पायथॉनची गंमत अशी, की तिच्यात ओळीआधी सोडलेल्या रिकाम्या जागेलाही अर्थ असतो. डोळ्यांना ती सहज दिसते. ऐकणाऱ्याला मौन कसे ऐकू यावे? एनव्हीडीएमध्ये त्याची सोय आहे. ती जागा बोलून, किंवा चढत्या-उतरत्या सुरांनी कळते.

मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ या संपादकातही चुकीच्या ओळीवर पोहोचताच विशिष्ट ध्वनी होतो. डोळसांना तेथे लाल नागमोडी रेघ दिसते. ठरवले तर हे करता येते. सगळेच ठरवत नाहीत. कोडिंगच्या कित्येक बालवर्गांची सुरुवातच रंगीत ठोकळे माऊसने ओढण्यापासून होते. दृष्टिहीन मुलासाठी दार पहिल्याच दिवशी बंद! २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याजोगे करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. डिजिटल सुविधांची उपलब्धता हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये म्हटले. तरी तालुक्याच्या संगणक वर्गात फरक पडण्यासाठी कुणीतरी तेथे जाऊन विचारणा करावी लागते.

आणि आपल्या घरचाही एक दोष आहे. मराठीतील पुष्कळ टिपणे व जुन्या पुस्तिका अजून युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पडून आहेत. पडद्यावर सुबक देवनागरी दिसते, पण आत रोमन चिन्हांचा गोंधळ असतो, आणि स्क्रीन रीडर तोच बडबडतो. संघटनांची परिपत्रकेही याला अपवाद नाहीत. प्रोग्रॅमिंगची टिपणे मराठीत लिहून द्यायची, तर ती युनिकोडमध्येच हवीत. पानाचे छायाचित्र काढून पाठवणे म्हणजे कोरा कागद देणे.

दिव्यांगांमध्ये काम करणाऱ्या ‘सक्षम’चे मुख्यालय नागपूरला, म्हणजे गोंदियाहून काही तासांच्या रेल्वेप्रवासावर आहे. तिची वाट न पाहताही एक चाचणी कुणालाही घेता येईल. गावातील संगणक वर्गात एनव्हीडीए बसवावा, माऊस बाजूला ठेवावा, पडदा बंद करावा आणि शिक्षकांनीच दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून, त्यातील चूक शोधून, चालवून दाखवावा. कुठे अडते ते कागदावर लिहावे. ज्या बटणाला नाव नाही त्याची तक्रार ते साधन बनवणाऱ्याकडे धाडावी. एनव्हीडीए आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड या दोहोंचे कर्ते अशा तक्रारी जाहीरपणे नोंदवून घेतात.