कण्याची झीज आणि कंबरेचें दुखणें

बदलापुराहून मुंबईचें छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारें ६८ किलोमीटर आहे. हें अंतर रोज दोन वेळां, पुष्कळदां उभ्यानेंच, कापणारा कारकून. उल्हासनगरांत दिवसभर शिवणयंत्रावर वांकून बसणारा कारागीर. अंबरनाथच्या कारखान्यांत ओझीं उचलणारा कामगार. या तिघांचें काम निराळें, पण तक्रार पुष्कळदां एकच : कंबर धरली. दुखणें लांबलें कीं एम्. आर्. आय्. काढतात. अहवालांत ‘झीज’, ‘गादी फुगली’ असे शब्द येतात, शेजारीपाजारी ‘मणक्यांत गॅप आली’ म्हणतात, आणि आतां याच्या हातून काम होणें नाहीं, असें घरच्यांस वाटूं लागतें. ही भीति कितपत खरी, हें गेल्या कांहीं दशकांतील संशोधनानें तपासलें आहे.

कण्यांतील मणक्यांच्या मध्यें २३ लवचीक गाद्या असतात. वयाबरोबर त्यांतील पाणी कमी होतें, त्या चपट्या होतात, मणक्यांच्या कडांवर हाड वाढतें. हीच झीज. १९३४ सालीं मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यवैद्यांनीं, गादीचा भाग बाहेर सरकून नस दाबली जाते व पायांत कळ येते, हें दाखविलें. शोध मोलाचा होता. परंतु त्यामुळें प्रत्येक कंबरदुखीचें मूळ गादींतच शोधण्याची संवय जडली.

त्या संवयीला धक्का दिला तो निरोगी माणसांनीं. १९९४ सालच्या एका पाहणींत, कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचे कणे तपासले. त्यांतील ५२ टक्क्यांची एखादी तरी गादी फुगलेली आढळली. २०१५ सालीं अशा ३३ निबंधांचा एकत्र विचार झाला. वेदना नसलेल्या ३,११० माणसांत झिजेचें प्रमाण विशींत ३७ टक्के, तर ऐंशींत ९६ टक्के निघालें. झीज ही बहुतांशीं केंस पांढरे होण्यासारखीच. अंबरनाथचें शिवालय इ. स. १०६० चें, त्याचीं शिल्पें ऊनपावसानें झिजलीं, म्हणून मंदिर कोसळत आहे असें कोणी म्हणत नाहीं. झिजेचा दुखण्याशीं संबंधच नाहीं, असा मात्र याचा अर्थ नव्हे. दुखणाऱ्या तरुणांत असे बदल अधिक दिसतात. पण एकट्या चित्रावरून निवाडा करतां येत नाहीं.

म्हणून संशोधकांची दृष्टि चित्राकडून माणसाकडे वळली आहे. महाराष्ट्रांत पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखालीं १९९६ सालीं भिगवण गांवीं घरोघर विचारपूस झाली. ४,०९२ प्रौढांपैकीं ७४६ जणांनीं सांधे व स्नायूंच्या वेदना सांगितल्या. यंत्राच्या आधीं माणसाला विचारणें, हा या पाहणीचा धडा.

उपचारहि बदलले. पूर्वीं अंथरुणास खिळून राहण्याचा सल्ला मिळे. १९८६ सालीं दोन दिवसांची व सात दिवसांची विश्रांति यांची तुलना झाली, तेव्हां दोन दिवसांनीं उठलेल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले, आणि दुखणें कांहीं वाढलें नाहीं. २०२४ सालीं ऑस्ट्रेलियांतील ७०१ माणसांची चांचणी प्रसिद्ध झाली. बेतशीर चालणें वाढवीत नेणाऱ्यांचें दुखणें साधारणतः २०८ दिवसांनीं उलटलें, इतरांचें ११२ दिवसांनीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं जुनाट कंबरदुखीसाठीं व्यायामाची शिफारस केली. कंबरपट्टे व ट्रॅक्शन यांची केली नाहीं.

कांहीं खुणा मात्र दुर्लक्षूं नयेत. लघवी वा शौचावरचा ताबा सुटणें, मांड्यांमधील भाग बधिर होणें, पायांतील शक्ति झपाट्यानें जाणें, असें झाल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. ताप, अकारण घटणारें वजन, पूर्वींचा कर्करोग किंवा मोठा आघात असल्यास डॉक्टरांस लवकर भेटावें.

एरवीं घरच्यांनीं दुखणाईताला पलंगावर बसवून ठेवूं नये, आणि मालकानें कारागिराला मधून मधून उठून चार पावलें चालूं द्यावें. ज्याचें पोट कंबरेवर चालतें, त्याची रोजी अहवालांतील एका शब्दामुळें गेली, तर त्या घरावर झिजेहून मोठें संकट त्या शब्दानेंच आणलें, असें म्हणावें लागेल.