आमच्या पुडीवरची खूण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत असा अध्यक्षबाईंनी आग्रह धरला, तेव्हा मी आधी नकोच म्हणाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सतरंज्या घालणे, चहा ठेवणे आणि मसाल्याच्या हिशेबाची वही सांभाळणे, एवढेच माझे मंडळातले काम. पण बाई म्हणाल्या, "तुमच्या त्या लोगोची हकीकत सांगा." मग मला नाही म्हणता येईना. कारण त्या हकिकतीत एक चूक माझी आहे, आणि ती दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

लोगो हा शब्द हल्ली मुलांच्या तोंडी असतो. मराठीत त्याला बोधचिन्ह म्हणतात. पण वस्तू काही नवी नाही. आपल्या लग्नातल्या भांड्यांवर नावे घातलेली असतात ना? कार्याच्या घरी दिलेले पातेले फिरून आपल्याच फडताळात यावे, म्हणून ती नावे. परीट कपड्याच्या कोपऱ्यात खूण करी, तीही त्याचसाठी. दहा घरचे कपडे एका भट्टीत, पण खूण ज्याची त्याची. आमच्या शाळेतल्या कंपासपेटीवर उंट असे. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली शाईचा धंदा सुरू केला, त्यांच्या कॅम्लिन कंपनीचा तो उंट. ज्या आईला वाचता येत नव्हते, तीसुद्धा दुकानात जाऊन "उंटाची पेटी द्या" म्हणून सांगे. खुणेचे काम ते एवढेच. जिला अक्षर येत नाही तिलाही आपली वस्तू ओळखता यावी.

आता आपल्या मसाल्याविषयी. सुरुवातीला आपण कागदी पिशवीत मसाला भरून, वर लाल दोरा बांधून देत होतो. खारेगावात, विटाव्यात ओळखीच्या घरी पुड्या जात. तेव्हा नावाची गरजच पडली नाही. पुढे ठाण्याला बचत गटांच्या प्रदर्शनात गाळा मिळाला, तेव्हा सर्वांचे ठरले की आता चांगले लेबल हवे. कोणीतरी मोबाइलवरून एक चित्र काढले. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली, हातात सूप घेतलेली बाई. सर्वांना ती फार आवडली. छापखान्यातून दोन हजार लेबले छापून आणली. त्यावर सोनेरी, वळणावळणाच्या अक्षरांत "खमंग मसाला" असे लिहिले होते.

प्रदर्शनात काय झाले ते तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. समोरच्या रांगेत, चार गाळे सोडून, दुसऱ्या एका गटाच्या मसाल्यावर तीच बाई! तीच नथ, तेच सूप. त्यांनीही मोबाइलवरूनच घेतलेली. त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही, कारण त्यांनी केले तेच आम्हीही केले होते. पण दुसऱ्या दिवशी एक आजोबा काठी टेकत आले आणि आमच्यावर रागावले. "तुमच्या मसाल्यात नुसतं तिखट आहे, आमच्या हिच्या तोंडाची आग झाली," असे म्हणून त्यांनी पुडी पुढे केली. पुडी आमची नव्हती. ते किती वेळा सांगावे? आजोबा म्हणाले, "बाई तर तुमचीच आहे." त्यावर आम्ही काय बोलणार? भर म्हणून एका मुलाने मोठ्याने वाचले, "रवमंग मसाला." त्या सोनेरी अक्षरांत ख चा र आणि व झाला होता! ख चा पाय जोडावा म्हणून गुरुजी दामटत, ते का, हे मला त्या दिवशी कळले.

उरलेली लेबले आजही माझ्या माळ्यावर आहेत. मागच्या कोऱ्या बाजूवर मी वाण्याच्या याद्या लिहिते.

त्यानंतर आमच्याच चाळीतल्या एका सूनबाईला आम्ही बोलावले. ती उपयोजित कला शिकलेली, लग्नानंतर घरी बसून अशीच कामे करणारी. आम्हांला वाटले, ती लगेच कागद काढील आणि चित्र काढील. तिने काही काढले नाही. ती आम्हांलाच विचारीत बसली. माल कोण घेते? पुडी कुठे ठेवली जाते? छपाईला किती पैसे आहेत? आम्ही मात्र चित्रच सांगत होतो. एकीला तुळशीवृंदावन हवे, एकीला समई, एकीला पाटा-वरवंटा. मला पारसिकचा डोंगर हवा होता, कारण तो माझ्या खिडकीतून दिसतो. सूनबाईने सगळे लिहून घेतले आणि म्हणाली, "काकू, हे सगळं घातलं तर ते रुखवत होईल. मला एवढंच सांगा, आजवर गिऱ्हाइकं तुमची पुडी कशावरून ओळखत होती?"

क्षणभर कोणी बोलेना. मग मागून कोणीतरी म्हणाले, "लाल दोऱ्यावरून."

खरेच होते ते. आपल्या थोरल्या वहिनी दोरा अशा बांधायच्या की एका हिसक्यात सुटे, पण वाटेत कण सांडत नसे. दोन कान असलेली सुरगाठ. खारेगावच्या गिऱ्हाइकिणी निरोपच पाठवीत, "दोऱ्याचा मसाला पाठवा." आमची खूण आमच्याजवळच होती आणि आम्ही ती मोबाइलमध्ये शोधीत होतो.

सूनबाईने तीच गाठ काढली. एका रेषेत, दोन कान आणि खाली सुटलेली दोन टोके. आठ दिवस ती गाठ काढीत होती. मी एकदा पाहायला गेले तर जमिनीवर कागदच कागद. एकात कान मोठे, ते सशासारखे दिसत. एकात टोके लांब, ते फुलपाखरू वाटे. मला वाटले, एवढ्याशा गाठीला एवढा खटाटोप कशाला? पण तिने जी परीक्षा घेतली ती तुम्हांला सांगते, कारण ज्यांचे घरगुती धंदे आहेत त्यांना ती उपयोगी पडेल.

पहिली परीक्षा रबरी शिक्क्याची. खूण एका रंगात, अंगठ्याच्या नखाएवढी उमटली पाहिजे. रंग काढून घेतल्यावर जी खूण ओळखू येत नाही, ती कच्ची. दुसरी परीक्षा झेरॉक्सची. कागदाची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, असे तीनदा करावे आणि खूण शाबूत राहते का ते पाहावे. तिसरी, रस्त्याच्या पलीकडून ओळखू येते का. आणि चौथी अक्षरांची. आपल्या मराठी अक्षरांना वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, खाली उकार. लहान छपाईत शाई पसरली की त्यांच्या पोकळ्या बुजतात. म्हणून अक्षर मोकळे हवे आणि दोन ओळींत जागा हवी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. नक्षी नंतर. सूनबाईने सांगितले की संगणकावर मराठीसाठी वर्षानुवर्षे वापरली गेलेली "मंगल" नावाची अक्षरे र. कृ. जोशी यांनी घडवली. मला नवल वाटले. आपण रोज जी साधी अक्षरे वाचतो, तीही कोणीतरी बसून, डोळे शिणवून काढलेली असतात!

शिवाय खाण्याच्या वस्तूच्या पुडीवर कायद्याने जे लागते त्याला तिने आधी जागा सोडली. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक, वजन, तारीख, शाकाहाराचा चौकोनातला हिरवा ठिपका. आमच्या पहिल्या लेबलावर बाईनेच सगळी जागा घेतली होती, आणि क्रमांक आम्ही पेनाने लिहीत होतो.

आता माझी चूक सांगते. काम झाले आणि बैठकीत पैशाचा विषय निघाला. हिशेबाची वही माझ्याकडे. मी म्हणाले, "तिला कसले पैसे द्यायचे? घरचीच पोर आहे. चहाबरोबर एक साडी-चोळी देऊ. आणि गाठ तर आपलीच होती, तिने फक्त काढली." सर्वांनी माना डोलावल्या. सूनबाई खाली मान घालून बसली होती. ती काही बोलली नाही.

पंधरा दिवसांनी एक ओळखीच्या बाई आल्या. त्यांच्याकडे लग्नकार्य, दहा किलो चकलीची भाजणी हवी होती. मी दोन दिवस धान्य धुतले, वाळवले, भाजले, गिरणीतून आणले. पाठ धरली. त्यांनी धान्याचे आणि दळणाचे पैसे मोजून दिले आणि हसत म्हणाल्या, "तुमची मजुरी काय धरायची, तुम्ही तर घरच्याच!"

मी हसले. त्या गेल्यावर मात्र चूल पेटवायचे मन होईना. आमच्या ह्यांनी विचारले, "काय झालं?" मी सगळे सांगितले, त्या बाईंना बोल लावला. हे म्हणाले, "मग तुम्ही त्या पोरीला दुसरं काय म्हणालात?"

भगिनींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. जन्मभर आपल्या कामाला जो शब्द ऐकत आलो, तोच मी दुसऱ्या बाईच्या कामाला लावला होता. आपण लाटलेला पापड, निवडलेले तांदूळ, दुसऱ्याच्या कार्यात रात्रभर वळलेले लाडू, सगळे "घरचेच". म्हणून तर आपण मंडळ काढले, की या हातांना काही मोल यावे. आणि मोल ठरवायची वही माझ्या हाती आली, तेव्हा मी पहिली फुकटात बसवली ती एका बाईलाच!

पुढे मला लिज्जत पापडाची गोष्ट कळली. १९५९ सालच्या मार्च महिन्यात गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटे. १९६२ साली मालाला नाव हवे झाले, तेव्हा त्यांनी स्पर्धा ठेवली. धीरजबेन रुपारेल यांनी "लिज्जत" हे नाव सुचवले आणि त्यांना ५ रुपये बक्षीस मिळाले. लिज्जत हा त्यांच्या गुजराती बोलीतला, चव सांगणारा शब्द. त्या काळी ५ रुपये काही थोडे नव्हते, आणि घरच्या घरी सुचलेले नाव म्हणून ते फुकट घेता आले असते. त्यांनी घेतले नाही. आपल्या रुपयाच्या चिन्हाचेही तसेच. पवईच्या आयआयटीत शिकणाऱ्या उदयकुमार यांनी आपला देवनागरी र घेऊन ते काढले. १५ जुलै २०१० रोजी सरकारने ते मान्य केले आणि त्यांना अडीच लाख रुपये बक्षीस दिले. र तर आपल्या सगळ्यांचाच, पण काढणाऱ्याचे मोल झाले. मग गाठ आमची होती, हे माझे बोलणे कुठे टिकते?

पुढच्याच बैठकीत मी माझे शब्द मागे घेतले. सूनबाईला तिचा दर विचारला. ती संकोचाने म्हणाली, "तीन हजार द्या, काकू." आपण ते दिले आणि वहीत "चित्रकाराची मजुरी" असे नवे खाते मांडले. पैसे दिले तेव्हा तिने स्वतःहून एक कागद लिहून दिला की हे चित्र तिने मंडळाला कायमचे दिले आहे. तो कागद किती महत्त्वाचा हे मला नंतर उमगले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अशा चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढणाऱ्याकडेच राहतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो. म्हणजे साडी-चोळीवर भागवले असते, तर खूण पुडीवर आमची आणि कायद्याने तिची राहिली असती.

खूण नोंदवून घेण्यासाठी १९९९ चा ट्रेडमार्कचा कायदा आहे. व्यक्ती आणि छोटे उद्योग यांना ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडते. छोटा उद्योग म्हणून सवलत हवी तर आधी उद्यम नोंदणी करून ठेवावी. ट्रेडमार्कची नोंदणी दहा वर्षे चालते, मग पुन्हा करता येते. आपल्या नफ्यातून यंदा ही फी बाजूला काढावी, अशी माझी मंडळाला हात जोडून विनंती आहे. नाहीतर आज आपण दुसऱ्याची नथ लावली, उद्या कोणी आपली गाठ लावील, आणि पुन्हा एखादे आजोबा काठी टेकत येतील.

आणखी एक सांगते आणि थांबते. गेल्या दिवाळीत मिरची महागली, तेव्हा हलकी मिरची मिसळावी अशी सूचना आली होती. नवी लेबले समोरच होती. थोरल्या वहिनींनी एक लेबल उचलले आणि म्हणाल्या, "हिच्याखाली मी तसला मसाला बांधणार नाही." सूचना तिथेच मिटली. पुड्या कमी केल्या, दर वाढवला, काही गिऱ्हाइके गेली. काही परत आली, ती दोऱ्याचाच मसाला मागत आली.

चहानंतर मी रबरी शिक्का आणि सूनबाईचे टाकून दिलेले कागद टेबलावर मांडून ठेवणार आहे. ज्यांचे शिवणकाम, खानावळ, पोळीभाजी केंद्र असेल त्यांनी अवश्य पाहावे. सूनबाईही आज आली आहे. तिला काम सांगायचे असेल तर जरूर सांगा, पण आधी तिचा दर विचारा.

माझे बोलणे लांबले. चूकभूल द्यावी घ्यावी.