मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा अनेक

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनकडे निघाले. कैरो व जिनिव्हा येथे थांबत ते १० जून रोजी लंडनला पोहोचले. आज हाच प्रवास विनाथांबा नऊ-दहा तासांत पुरा होतो. दोन्ही शहरांतील हवाई अंतर मात्र तेव्हाइतकेच, सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. अंतर निसर्गाने ठरविले; वेळ यंत्र, वारा आणि राष्ट्राराष्ट्रांचे संबंध हे तिघे मिळून ठरवितात.

शाळेतील भिंतीवरच्या नकाशावर ही शहरे पट्टीने जोडली, तर रेषा इराणच्या आखाताच्या टोकाजवळून जाते. परंतु पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे सरकतो आणि कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण भागावरून, पुढे युक्रेनवरून जातो. तोच सर्वांत जवळचा मार्ग होय. भूगोलात त्यास बृहद्‌वृत्ताचा मार्ग म्हणतात.

आता वाऱ्याचा हिशेब पाहावा. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानास ७,२०० किलोमीटरसाठी आठ तास लागतील. परंतु दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. समोरचा वारा ताशी १०० किलोमीटर असला, तर आठाचे नऊ तास होतात. तोच पाठीशी असला, तर सात तास बारा मिनिटे पुरतात. म्हणूनच जाण्यापेक्षा परतीचा प्रवास सहसा लवकर संपतो.

घड्याळ मात्र नेमके उलट सांगते. हिवाळ्यात लंडनची वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. मुंबईहून सकाळी सातला निघून दहा तासांनी उतरणाऱ्या प्रवाशास तेथे सकाळचे साडेअकराच वाजलेले दिसतात. परतताना नऊ तासांचा प्रवास घड्याळात साडेचौदा तासांचा भासतो.

तिसरा घटक माणसाच्या हातातील आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. दोराने दाखविलेला मार्ग या दोन्ही देशांवरून जातो. मग वळसा आला, आणि वळशाबरोबर जादा इंधन, जादा खर्च व जादा वेळ आला. त्याचा भार परदेशी शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यावर पडतो, तसाच विमानाने हापूस पाठविणाऱ्या बागायतदारावरही पडतो. कारण पिकत्या फळास उशीर सोसत नाही.

शिक्षकांनी वर्गात पृथ्वीगोल व दोरा अवश्य वापरावा. ग्रामपंचायतीच्या वाचनालयातही एक पृथ्वीगोल असावा. त्यावर ताणलेला दोरा मुलांस भूगोल शिकवील. आणि त्या दोऱ्याखालील देशांत शांतता नांदणे गावालाही किती मोलाचे आहे, हे मोठ्यांच्या ध्यानी आणून देईल.