गिटारच्या तारा बदलतांना
(ज्युबिली समारंभांत गायनवृंदापुढें केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं मोठ्या विषयांवर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. मी कापड्याचा एक साधा वादक. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयीं मला बोलूं द्यावें.

आमच्याकडील पावसाळी हवेंत गिटारच्या जाड तारांवरील धातूचा वेढा लवकर काळवंडतो व आवाज बसतो. एका नाताळापूर्वीं मीं बाजारांतून पोलादी तारा आणून त्या क्लासिकल गिटारवर चढविल्या. आवाज खणखणीत निघाला, मी हर्षून गेलों. परंतु तिसऱ्या दिवशीं सराव चालू असतां घोडी मुळापासून उखडली, आणि नाताळचीं गीतें आम्हांस गिटारवांचून म्हणावीं लागलीं.

घोटाळा एका शब्दानें झाला. आपण सरसकट ‘तार’ म्हणतों; मिरजेच्या तंबोऱ्याला पोलाद व पितळ शोभतें, म्हणून गिटारलाही तेंच हवें असें समजतों. वस्तुतः क्लासिकल गिटारला पूर्वीं आतड्याची तांत असे. दुसऱ्या महायुद्धांत ती जखमा शिवण्याच्या कामीं लागूं लागली व वादकांस मिळेनाशी झाली. तेव्हां न्यूयॉर्कचे अल्बर्ट ऑगस्टीन यांनीं थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या साह्यानें नायलॉनची तार प्रचारांत आणिली. सहा नायलॉन तारांचा एकंदर ताण सुमारें ४० किलो वजनाइतका. पोलादी तारांचा बहुधा ६० ते ७५. एवढा भार त्या हलक्या लाकडास सोसत नाहीं.

आतां कृति सांगतों. तारा एकेक करून बदलाव्या. जुनी तार आधीं खुंटी फिरवून सैल करावी. ताणलेली कधींही कापूं नये. नवी तार घोडीच्या छिद्रांतून ओवून मागें वळवावी, स्वतःच्याच खालून घ्यावी आणि तिचें शेंपूट त्या फांसांत गुंतवावें: बारीक तारांस तीन वेढे, जाड तारांस एक-दोन पुरे. शेवटचा वेढा घोडीच्या मागील कडेखालीं दाबला गेला पाहिजे; नाहीं तर गांठ निसटून तार लाकडावर फटका मारते. दुसरें टोंक खुंटीच्या छिद्रांतून काढून, तारेखालीं अडकवून गुंडाळावें. मग जाड तारेपासून क्रमानें मि, ला, रे, सोल, सि, मि असे स्वर लावावे.

नवें नायलॉन कांहीं दिवस ताणतच राहतें आणि स्वर पुनः पुनः उतरतो. म्हणून सणाच्या आदल्या रात्रीं तारा बदलूं नयेत. आठवडाभर आधीं बदलून रोज स्वर लावीत जावें.

ती घोडी पुढें चिकटविली. तिच्या कडेचा ओरखडा अजून दिसतो, आणि नवा मुलगा शिकावयास आला कीं मी त्याला प्रथम तो दाखवितों. तुमच्या वाद्यावर तसा ओरखडा न पडो, एवढेंच मागून मी आपली रजा घेतों.