चाकाक नको, पाण्याक इचार



मी मूळचा मालवणचा. गेली बरीच वर्षं नोकरीनिमित्त अमेरिकेत सिअ‍ॅटलला राहतो. सध्या सुट्टीत घरी आलोय, म्हणून तुमच्याशी बोलायची ही संधी मिळाली. गोष्ट आहे एका छोट्या इंजिनाची, आणि माझ्या फजितीचीही.

सिअ‍ॅटलच्या दाराशी प्युजेट साउंड नावाची खाडी आहे. खाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कर्लीची किंवा कोळंबची खाडी येते. ही तशी नाही. काही ठिकाणी ती अडीचशे मीटरहून खोल आहे आणि भरती-ओहोटीला तिच्यातून पाणी नदीसारखं धावतं. सप्टेंबरात तिथे कोहो जातीचे साल्मन मासे समुद्रातून आपापल्या नद्यांकडे परततात आणि हौशी लोक गळ घेऊन बाहेर पडतात.

माझ्या मित्राची २६ फुटी बोट आहे. मागच्या फळीवर १५० अश्वशक्तीची दोन आउटबोर्ड इंजिनं. त्या दोघांच्या उजव्या अंगाला, खेटून, तिसरं एक लहानगं इंजिन, अवघं दहा अश्वशक्तीचं. त्याला तिकडे ‘किकर’ म्हणतात. तीनशे घोडे असताना हे शिंगरू कशाला, असं मलाही वाटलं होतं. कारण साधं आहे. साल्मनसाठी गळ ओढत जायचं ते माणसाच्या चालीने, तासाला चार-पाच किलोमीटर. मोठी इंजिनं अगदी मंद ठेवली तरी बोट त्याहून जोरात पळते, आणि तासन् तास तसं चालवणं इंजिनाला आणि खिशालाही सोसत नाही. शिवाय मोठी दोन्ही बंद पडली, तर हेच पोर घरी आणतं.

पण त्याला वळवायचं कसं? आउटबोर्डच्या बोटीला वेगळं सुकाणू नसतं. इंजिनच वळतं, आणि पाणी जिकडे ढकललं जातं त्यावर बोटीची दिशा ठरते. पुढचं चाक फिरवलं की तेलाच्या दाबाने मोठी इंजिनं वळतात. ती दोन्ही एका आडव्या दांड्याने जोडलेली असतात. तिथूनच दुसरी एक बारीक सळई किकरला जाते, म्हणजे चाकाबरोबर तोही वळतो. या सळईची लांबी नीट जुळवावी लागते. नाहीतर चाक पूर्ण वळवलं की किकरचा पंखा शेजारच्या इंजिनाला घासतो. वेगाने जाताना किकर वर उचलून सळई सोडवून ठेवायची, आणि गळ टाकण्यापूर्वी पुन्हा जोडून तिचा खिळा घालायचा. सारा कारभार त्या बोटभर खिळ्यावर.

काही वर्षांपूर्वी माझे वडील, अण्णा, तिकडे आले होते. उमेदीच्या काळात त्यांनी वल्ह्याच्या होडीतून मासेमारी केलेली. सिअ‍ॅटलच्या घरात ते गप्पगप्प असायचे. टीव्ही कळत नव्हता, शेजारी कळत नव्हते. म्हणून एका रविवारी पहाटे त्यांना बोटीवर नेलं. व्हिडबी बेटाच्या दक्षिण टोकाला ‘पझेशन बार’ नावाचा उथळ भाग आहे, तिथे पोचलो. मित्राने मोठी इंजिनं बंद केली, मी किकर खाली सोडला आणि सळई जोडली. जोडली म्हणजे, जोडली असं मला वाटलं.

दोन्ही बाजूंना तारेला पाच-सहा किलोचे शिशाचे गोळे लावून खोल सोडले होते, गळ त्या खोलीवर राहावा म्हणून. धुकं उतरू लागलं. इतक्यात मासा लागला. मित्र काठी धरून कडेला गेला आणि मला म्हणाला, चाक धर. मी धरलं. बोट डावीकडे झुकत होती, मी चाक उजवीकडे फिरवलं. ती डावीकडेच. आणखी फिरवलं. तरीही डावीकडेच. धुक्यातून जहाजाचा लांब भोंगा आला. धुक्यात चालत्या जहाजाने दोन मिनिटांच्या आत भोंगा द्यायचाच असतो, हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि छातीत धडधडणं यांत अंतर असतं. मोठी इंजिनं सुरू करायला गेलो, तर मित्र ओरडला, “नको!” बोट वळल्यामुळे डावीकडची तार मागे पंख्यांच्या दिशेने आली होती. पंखा फिरला असता, तर तार त्यात गुंडाळली असती.

मी चाकच फिरवत राहिलो. तेव्हा मागून अण्णांचा आवाज आला, “अरे, चाक फिरता, पण होडी खंय फिरता? चाकाक नको, पाण्याक इचार!”

ते बोटीच्या मागच्या टोकाला पोचलेही होते. सळई निसटून लोंबत होती. किकर एका अंगाला असल्यामुळे त्याचा रेटा बोटीची नाळ डावीकडे ढकलत होता, आणि मी तीनशे घोड्यांच्या बंद इंजिनांना हुकूम सोडत होतो! अण्णांनी किकरचा दांडा हातात घेतला, इंजिन हलकेच वळवलं. नाळ सरळ झाली. तार मोकळी झाल्यावर आम्ही गोळे वर घेतले. भोंगा दूर गेला. मासा अर्थातच सुटला होता.

मित्राने सळई जोडून खिळा घातला आणि अण्णांकडे पाहत चाकाकडे हात केला. अण्णांनी मान हलवली. दुपारपर्यंत ते मागेच उभे होते, पाण्यावर नजर ठेवून. त्या दिवशी घरी येताना ते गाडीत सारखे बोलत होते.

आज बिनतारी यंत्राने किकर वळवता येतो. उपग्रहाच्या मदतीने बोट एका जागी धरून ठेवणाऱ्या विजेच्या मोटरीही मिळतात. चांगल्याच आहेत. पण हात आणि पाणी यांच्यामध्ये जितके दुवे वाढतात, तितकं मागे वळून पाहणं महत्त्वाचं होतं. आता गळ टाकण्यापूर्वी मी चाक दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवतो, आणि मित्र मागे उभा राहून किकर वळतोय का ते बघतो. जेमतेम अर्धं मिनिट लागतं.

रविवारी तिकडून घरी फोन करतो, तेव्हा अण्णा मासे किती मिळाले हे विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “खिळो घातलंस मां?”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)